शेडमध्ये धंदा सुरू करताय? मशीनच्या आधी उजेडाचा हिशोब करा



घरच्या घरी धंदा सुरू करायचा म्हटलं की मला येणारे प्रश्न ठरलेले असतात. मशीन कोणती घेऊ? लोन कुठून मिळेल? दुकानाचं नाव काय ठेवू? बोर्ड किती फुटांचा करू? उजेड किती लागेल, हे मात्र शंभरात एखादाच विचारतो. शेडात एक होल्डर असतो, त्यात एक बल्ब असतो आणि आपण म्हणतो, झालं की!

या आठवड्याच्या व्हिडिओत मी मोबाईलवर उजेड मोजून दाखवला होता. तिथं वेळ कमी पडला, म्हणून सगळा हिशोब इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आकडेमोड आहे. सोपी आहे, पाचवीतलं पोरगंसुद्धा करेल.

शहरातल्या व्हिडिओत "गॅरेज" म्हणतात ती जागा आपल्या बाभुळगावात घराला लागून काढलेलं टिनाचं शेड असते, नाहीतर पडवी, नाहीतर जुन्या गोठ्याची खोली. पावसाळ्यात तिथं खताच्या बॅगा, दिवाळीनंतर कापूस आणि बाकी वेळ मोटरसायकल. त्याच जागेत कुणी टू-व्हीलर दुरुस्ती सुरू करतं, कुणी शिलाई मशीन टाकतं, कुणी मोटार रिवाइंडिंग करतं. बऱ्याच जणांचं काम सुरू होतं संध्याकाळी, शेतातून आल्यावर. म्हणजे ज्या वेळी सूर्य नसतो, त्याच वेळी तुमचा धंदा असतो. त्यामुळे उजेड हा तुमच्यासाठी सजावटीचा विषय नाही. पाना आणि कातर जसं अवजार, तसाच उजेड.

कमी उजेडात काम थांबत नाही, नुकसान तिथंच लपतं

बीबीएला असताना आम्हाला हॉथॉर्नचा प्रयोग शिकवला होता. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तिथं १९२४ ते १९२७ या काळात उजेड कमी-जास्त करून कामगारांच्या उत्पादनावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. उजेड वाढवला तर उत्पादन वाढलं. पण उजेड कमी केला तरी अपेक्षेप्रमाणे घटलं नाही! यावरून पुस्तकं सांगतात की माणसाकडे लक्ष दिलं की माणूस जास्त काम करतो. परीक्षेत मार्क मिळवायला हे उत्तर बरोबर आहे.

दुकान चालवताना मी त्यातून दुसरी गोष्ट घेतली. कमी उजेडात माणूस थांबत नाही, तो निभावून नेतो. डोळे बारीक करतो, मान खाली घालतो, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरतो आणि काम पूर्ण करतो. काम पूर्ण झालं म्हणून आपल्याला वाटतं की उजेड पुरेसा आहे. पण त्याची किंमत दुसऱ्या खात्यावर पडते. नट तिरपा बसला आणि आटे गेले. काळ्या कपड्यावरची काळी शिलाई एक सूत सरकली आणि सगळं उसवावं लागलं. रात्री डोकं दुखलं म्हणून दोन तास आधी काम बंद केलं. गाडी दोन दिवसांनी परत आली आणि गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, आवाज तर तसाच येऊन राहिला."

यातलं काहीच तुम्ही वहीत "उजेड खर्च" म्हणून लिहीत नाही. म्हणून तो खर्च दिसत नाही, पण दर महिन्याला होत राहतो.

वॅट नको, ल्युमेन बघा

आपल्याला सवय आहे वॅट विचारायची. "साठचा बल्ब द्या", "शंभरचा द्या". पिवळ्या बल्बच्या काळात हे चालत होतं, कारण सगळे बल्ब सारखेच होते. आता एलईडी आले. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली, त्यातून देशात ३६ कोटींपेक्षा जास्त एलईडी बल्ब घरोघरी गेले. आज गावात पिवळा बल्ब शोधावा लागतो. पण विचारायची सवय तीच राहिली.

तीन शब्द लक्षात ठेवा:

- वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो.
- ल्युमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो.
- लक्स म्हणजे तुमच्या कामाच्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स.

बैलाला चारा किती घातला हे वॅट, त्यानं किती ओढलं हे ल्युमेन. आपल्याला ओढण्याशी मतलब.

चांगला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन देते. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. नसेल, तर ते खोकं परत ठेवा. बीईईचं स्टार लेबल बघा: जास्त स्टार म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त उजेड. बल्ब घेताना बीआयएसचा मानक चिन्हाचा शिक्का आणि त्याखाली "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. हे नसलेला स्वस्त माल बाजारात भरपूर फिरतो.

तुमच्या शेडचा हिशोब

कुठल्या कामाला किती लक्स लागतं, याचं आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस ३६४६. त्या धर्तीवर लक्षात ठेवायचे आकडे असे:

- गाडीची सर्वसाधारण दुरुस्ती, सर्व्हिसिंग: ३०० लक्सच्या आसपास
- वर्कबेंचवरचं काम, कार्बोरेटर उघडणं, वायरिंग: ५०० लक्सच्या आसपास
- शिलाई: ७५० लक्सच्या आसपास

आता समजा तुमचं शेड १० फूट बाय १२ फूट आहे. म्हणजे १२० चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर.

३०० लक्स × ११ चौरस मीटर = ३,३०० ल्युमेन. एवढा उजेड कामाच्या उंचीवर पोहोचला पाहिजे.

पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामावर येत नाही. काही काळ्या भिंती खातात, काही छताकडे जातो, काही दिव्यावर बसलेली धूळ अडवते. टिनाच्या शेडात अर्धा पोहोचेल असं धरा. म्हणजे दिव्यांतून ६,६०० ल्युमेन निघायला हवा. २,००० ल्युमेनच्या ट्यूबनं भागलं तर तीनच्या थोडं वर. म्हणून चार ट्यूब.

पाठ करायला सोपा फॉर्म्युला: शेडाचे चौरस फूट × ५५ = लागणारे ल्युमेन. हा साध्या दुरुस्तीच्या कामासाठी. आता तुमच्या शेडातला एकटा ९ वॅटचा बल्ब आठवा. लागतात ६,६००, मिळतात ९००. बाप्पा! आपण सातव्या हिश्शाच्या उजेडात धंदा करून राहिलो.

"मग शिलाईला ७५० लक्स म्हणजे दहा ट्यूब लावू का?" नाही ताई. पूर्ण खोली उजळायची गरज नाही, सुईची जागा उजळली पाहिजे. त्यासाठी कामाचा वेगळा दिवा असतो. बल्बसारखा छोटा दिवा सहा फुटांवरून तीन फुटांवर आणला की उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. अंतर निम्मं, उजेड चौपट. म्हणून मशीनशेजारी वाकवता येणारा टेबल लॅम्प लावला, तर ९ वॅटचा बल्बही छतावरच्या दोन ट्यूबपेक्षा जास्त काम करतो.

एक स्वस्त उपाय आहे: चुना. पांढरी भिंत तिच्यावर पडलेला बराचसा उजेड परत फेकते, काळपट भिंत तो गिळून टाकते. ट्यूब घ्यायच्या आधी भिंतींना चुना मारा, थोडी नीळ घाला. टिनालाही आतून पांढरा रंग मारता आला तर उत्तम.

दिवा कुठे लावायचा

उजेड पुरेसा असूनही काम दिसत नाही, असं कधी होतं? तुमचीच सावली तुमच्या हातावर पडते तेव्हा. शेडाच्या मधोमध एक दिवा आणि त्याखाली गाडी. तुम्ही वाकलात की डोकं दिव्याच्या आणि इंजिनच्या मध्ये आलं. दिवा दुप्पट केला तरी सावली तीच.

- गाडीच्या कामाला ट्यूब दोन बाजूंना लावा, गाडीच्या लांबीला समांतर. १० फूट रुंद शेडात दोन्ही भिंतींपासून साधारण अडीच-अडीच फुटांवर एकेक ओळ, प्रत्येक ओळीत दोन ट्यूब. एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचा उजेड भरून काढतो.
- वर्कबेंच भिंतीला लावून असेल तर दिवा तुमच्या पाठीमागे नको, बेंचच्या वर आणि थोडा पुढे हवा.
- उजव्या हातानं काम करणाऱ्यानं कामाचा दिवा डावीकडून घ्यावा, डावखुऱ्यानं उजवीकडून.
- कामाच्या जागी बसा आणि समोर बघा. उघडा बल्ब सरळ डोळ्यात येतोय का? येत असेल तर शेड लावा किंवा जागा बदला. डोळे दिपले की शेजारची वस्तू अंधारात गेल्यासारखी वाटते.
- इंजिनच्या खालच्या भागासाठी लोहचुंबकावर चिकटणारा चार्जिंगचा एलईडी दिवा ठेवा. टॉर्च तोंडात धरायचा नाही, दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

सावली आणि चकाकी या दोन गोष्टी कायद्यातही आलेल्या आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम १७ सांगत होतं की कामाच्या ठिकाणी पुरेसा उजेड हवा आणि डोळ्यांना त्रास होईल किंवा अपघात होईल अशी चकाकी आणि सावली टाळली पाहिजे. तुमचं घरचं शेड म्हणजे कारखाना नव्हे. पण कारखान्यातल्या माणसाचे डोळे आणि तुमचे डोळे वेगळे थोडेच आहेत?

दिवसाचं काम असेल तर सूर्य फुकट आहे. टिनाच्या छतात एक दुधी पारदर्शक शीट टाकली तर दिवसा बऱ्याच शेडांत ट्यूब लागतच नाही. शीट उत्तरेकडच्या उतारावर टाका, ऊन थेट अंगावर कमी येतं.

रंग खरा दिसतोय का?

हा मुद्दा शिलाई, फॉल-पिको, पार्लर आणि रंगकाम करणाऱ्यांसाठी आहे. रात्री मॅचिंग वाटलेलं रीळ सकाळी अंगणात वेगळंच दिसतं, हा अनुभव बहुतेक ताईंना असेल. डोळ्यांचा दोष नसतो तो. दिव्याच्या उजेडात सगळे रंग सूर्याइतके नसतात.

खोक्यावर "सीआरआय" लिहिलेलं असतं. तो आकडा १०० च्या जितका जवळ, तितका रंग खरा. साध्या दुरुस्तीला ८० चालतो, रंग जुळवायच्या कामाला ९० किंवा त्यापुढचा शोधा. त्याच खोक्यावर "के" लावलेला दुसरा आकडा असतो, तो उजेडाची छटा सांगतो: ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. कामाला ४००० ते ६५०० मधलं काहीही घ्या, पण सगळे दिवे एकाच छटेचे घ्या. एक पिवळा, एक पांढरा असं मिसळलं की रंग जुळवताना गोंधळ होतो.

फिरतं चाक थांबलेलं दिसलं तर?

हा भाग ग्राइंडर, ड्रिल किंवा लेथ वापरणाऱ्यांनी दोनदा वाचा.

आपली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे हलक्या दर्जाचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना कळत नाही. पण मिनिटाला ३,००० फेरे घेणारी मोटार म्हणजे सेकंदाला ५० फेरे. प्रत्येक लुकलुकीत चाक बरोबर अर्धा फेरा पुढे जातं. वेग असा जुळून आला तर फिरतं चाक थांबल्यासारखं किंवा सावकाश उलटं फिरल्यासारखं दिसू शकतं. माणूस हात घालतो. बोटं गेल्यावर कसला धंदा आणि कसलं लोन?

तपासायची पद्धत सोपी आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो-मोशन लावा आणि दिव्याचं शूटिंग करा. पट्टे किंवा जोरात लुकलुक दिसली तर तो दिवा मशीनवर नको. चांगल्या ड्रायव्हरचा दिवा शांत दिसतो. आणि दिवा कितीही चांगला असो, मशीन बंद आहे की नाही हे बटणाकडे बघून ठरवायचं, चाकाकडे बघून नाही.

टिन, कापूस, पेट्रोल आणि वायरिंग

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका. एलईडीला उष्णता सोसत नाही, त्याच्या आतलं सर्किट लवकर मरतं. ट्यूब टिनाला चिकटवून ठोकू नका, फूटभर खाली पट्टीवर लावा. व्होल्टेज खाली-वर होतं हेही माहीत आहेच. खोक्यावर "१०० ते ३०० व्होल्ट" अशी मोठी रेंज असलेला दिवा घ्या, संध्याकाळी तो मंदावणार नाही.

शेडात कापूस ठेवत असाल तर हॅलोजन अजिबात नको. त्याची काच इतकी तापते की जवळचा कापूस पेट घेऊ शकतो. एलईडी कमी तापतो, पण ढिला जोड आणि उघडी वायर तिथंही ठिणगी काढतेच. कापूस आणि वायरिंग यांची सोयरीक नकोच.

पेट्रोलची टाकी उघडता तिथं लोंबकळणारा होल्डर-बल्ब घेऊन जाऊ नका. बल्ब फुटला किंवा होल्डरमध्ये ठिणगी पडली तर वाफेला तेवढं पुरे. अशा वेळी गाडी उघड्यावर घ्या.

वायरिंग लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग हवी, आणि शेडाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. दिवे आणि मशीन वेगळ्या एमसीबीवर ठेवा. मशीननं एमसीबी पाडला आणि त्याच वेळी अंधार झाला, चाक अजून फिरतंय, ही वेळ नको.

खर्च किती, बिल किती?

१२० चौरस फुटांच्या शेडासाठी अंदाज असा धरा: चार ट्यूबचे हजार-बाराशे, कामाच्या दिव्याचे पाचशे, चुना-रंगाचे पाचशे. वायरिंग वेगळं, ते जागा पाहूनच ठरतं.

विजेचं गणित: ४ ट्यूब × २० वॅट = ८० वॅट. रोज ८ तास म्हणजे ०.६४ युनिट. महिन्याचे २६ दिवस धरले तर साधारण १७ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी १७० रुपये. महिन्याकाठी एक काम परत यायचं वाचलं तरी हे पैसे निघतात.

मीटरबद्दल बरेच जण विचारतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत अशी तरतूद आलेली आहे की घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत व मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. तरी काम सुरू करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन सध्याचा नियम विचारून घ्या. मागाहून दंड भरण्यापेक्षा एक चक्कर परवडते.

आणि लोनसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट बनवताय ना? त्यात मशीनखाली एक ओळ घाला: "कामाच्या जागेची प्रकाशव्यवस्था व वायरिंग". सरकारच्या हातमाग योजनेतही विणकरांना मागासोबत प्रकाशाच्या साधनांसाठी मदत दिली जाते. म्हणजे उजेड हे साधन आहे, हे सरकारनंही धरलंय. तुम्ही तुमच्या रिपोर्टमध्ये का धरू नये?

आज रात्री करायचं काम

१. शेडाची लांबी-रुंदी मोजा, चौरस फूट काढा, ५५ ने गुणा.
२. सध्याच्या दिव्यांचे ल्युमेन जोडा. किती कमी पडतात ते वहीत लिहा.
३. रोज जिथं बसता तिथं बसा. सावली कुठून येते, उघडा दिवा डोळ्यात येतो का, ते बघा.
४. मोबाईलवर लक्स मोजायचं अ‍ॅप टाका आणि कामाच्या जागेवर ठेवून मोजा. आकडा अगदी अचूक नसतो, पण आधी आणि नंतरचा फरक कळतो.
५. एक महिना "परत आलेलं काम" असं वेगळं पान ठेवा. उजेड वाढवल्यावर दुसऱ्या महिन्याचं पान शेजारी ठेवून बघा.

सगळे पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: आधी चुना, मग अर्थिंग आणि आरसीसीबी, मग कामाचा एक दिवा, मग महिन्याला एकेक ट्यूब. आणि शेडात तुमच्यासोबत आई-वडील काम करत असतील, तर कामाचा पहिला दिवा त्यांच्या जागेवर लावा. वय वाढलं की त्याच कामाला डोळ्यांना बराच जास्त उजेड लागतो, आणि ते तोंडानं कधी सांगत नाहीत.

पुढच्या वेळी याच शेडात अवजारं कशी लावायची ते बघू, म्हणजे दहा नंबरचा पाना शोधण्यात अर्धा तास जाणार नाही. तोवर मोजमाप घ्या, गणित करा आणि मगच दुकानात जा. दुकानदार वॅट विचारेल, तुम्ही ल्युमेन सांगा.